कार्बोरेटर उघडण्याआधी

प्रश्न साधारण असा येतो: "जुनी कार्बोरेटरची गाडी आहे. गावात ठीक चालते, पण मोठ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटांनी किंवा चढाला दम टाकते, झटके मारते आणि बंद पडते. जरा थांबलं की पुन्हा चालू होते. कार्बोरेटर साफ करून झाला, तरी तेच. आता काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, या लक्षणात कार्बोरेटरवर माझा संशय सगळ्यात शेवटी जातो. "थांबलं की चालू होते" हाच मोठा पुरावा आहे. हिशेब करून बघा. लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी ताशी ८० ने चालताना तासाला साधारण पावणेसात लिटर, म्हणजे मिनिटाला ११० मिलिलिटर पेट्रोल पिते. फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, ५० मिलिलिटर साठा असेल, तर पुरवठा पूर्ण तुटल्यावर अर्ध्या मिनिटात तो संपतो. पण पुरवठा अर्धवट असेल, मिनिटाला ८० मिलिलिटर येत असतील, तर पातळी हळूहळू उतरते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), ओढ जाते. गाडी उभी राहिली की तेच ८० मिलिलिटर चेंबर पुन्हा भरतात आणि सगळं आलबेल वाटतं. गावात एवढं पेट्रोल लागतच नाही, म्हणून दोष तिथे दिसत नाही.

त्यामुळे पहिला प्रश्न एकच: गाडी बंद पडली त्या क्षणी फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल होतं का? घरी पोचल्यावर बघून उपयोग नाही, तोपर्यंत ते भरलेलं असतं. रस्त्याच्या कडेला, इग्निशन बंद करून, एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या घशात बघा आणि हाताने थ्रॉटल झटकन उघडा. ॲक्सिलरेटर पंपाच्या (थ्रॉटल उघडताच जादा पेट्रोल मारणाऱ्या भागाच्या) बारीक नळीतून ठसठशीत धार आली, तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे. मग स्पार्ककडे वळा. गरम झाल्यावर दगा देणारे इग्निशनचे भाग, कॉइल किंवा कंडेन्सर, अगदी हीच लक्षणं दाखवतात, आणि त्यापायी कित्येक चांगले कार्बोरेटर उगाच खोलले जातात. धार आली नाही, तर लगेच निष्कर्ष काढू नका, ॲक्सिलरेटर पंपच खराब असू शकतो. चेंबरच्या व्हेंटमधून (हवेच्या भोकातून) सिरिंजने २०-३० मिलिलिटर पेट्रोल घाला. त्यावर गाडी चालू झाली आणि थोड्या वेळात पुन्हा मेली, तर पुरवठाच तुटतोय. मोटारसायकलच्या बऱ्याच कार्बोरेटरना ॲक्सिलरेटर पंप नसतो. तिथे चेंबरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून किती पेट्रोल पडतं ते बघा. गरम सायलेन्सरवर मात्र पडू देऊ नका.

चालत्या गाडीत आणखी एक खूण मिळते. झटके सुरू झाले की चोक किंचित ओढा. गाडी सावरली तर मिश्रण पातळ आहे: पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. आणखी बिघडली तर दोष दुसरीकडे शोधा.

पुरवठा कमी आहे हे ठरलं की टाकीपासून सुरुवात करा. गाडी दम टाकताच टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि झाकण सैल ठेवून गाडी नीट चालली, तर झाकणाचं किंवा टाकीचं व्हेंट तुंबलंय. पेट्रोल निघतं तेवढी हवा आत येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला त्याच्याशी झगडावं लागतं. बिनभोकाचं झाकण बदली बसवल्यानेही हे होतं.

मग पंप. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाईप काढून पारदर्शक बाटलीत सोडा, कॉइलची प्रायमरी वायर काढा आणि १०-१५ सेकंद सेल्फ मारा. ठोक्याठोक्याने जोरदार धार यायला हवी. साध्या यांत्रिक पंपाने मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास सहज द्यावं. दाब बहुतेक गाड्यांत दर चौरस इंचाला ३ ते ५ पौंड असतो, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. इंजिन गार असताना, जवळ अग्निशामक ठेवून, मोकळ्या हवेतच हे करा.

धार कमी असली की लगेच नवा पंप आणू नका. आधी पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला नवा पाईप लावून तो थेट पेट्रोलच्या डब्यात सोडा. आता भरपूर धार आली तर पंप निर्दोष आहे आणि दोष डब्याने ज्याची जागा घेतली त्या भागात, टाकी ते पंप, आहे. हा टप्पा सगळे गाळतात आणि बहुतेकदा उत्तर इथेच असतं. ओढणाऱ्या बाजूच्या रबरी पाईपला चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. पाईप वरून कोरडा ठणठणीत दिसतो. पारदर्शक फिल्टरमध्ये सतत बुडबुडे दिसले तर हीच शंका घ्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर आतून फुगतं, त्याचा थर सुटून झडपेसारखा आडवा येतो, म्हणून जुने पाईप सरळ बदलाच. टाकीतली जाळी गंजाने भरली असेल, तर टाकीचं झाकण उघडून, पाईप पंपापासून सोडवून, कमी दाबाची हवा उलटी फुंका. गाडी काही दिवस सुधारली आणि पुन्हा तेच झालं, तर टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही. नवा फिल्टर पुन्हा भरेल.

डब्यातूनही धार आली नाही, तर पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) किंवा त्यातल्या झडपा गेल्या. अशा वेळी डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली असेल, तर डायफ्राम फाटून पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरतंय. गाडी तिथेच उभी करा, पंप बदला, ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला, मगच इंजिन चालू करा. यांत्रिक पंपाऐवजी इलेक्ट्रिक बसवणार असाल, तर त्याचा दाब बघून घ्या: जास्त असला तर चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी निडल फ्लोटला जुमानत नाही, पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन गरम इंजिनवर सांडतं. तिथे दाब कमी करणारा रेग्युलेटर बसवायलाच हवा.