तुम्ही विचारलंत म्हणून: दोनच सीटांची गाडी कशाला?

"दोघंच बसणार, मग उपयोग काय?" शेफील्डमधल्या मराठी घरांत गणपतीला गेले की हे ऐकते, साताऱ्याहून आत्याचा फोन आला की ऐकते. २०२३च्या ऑक्टोबरनंतर त्याला जोड मिळाली: "एवढं झालं, तरी ठेवलीस?" आज एकदाच नीट सांगते.

गाडी १९९९ची माझदा एमएक्स-५. १६०० सीसी, ११० हॉर्सपॉवर, वजन जेमतेम टनभर. आजची कुठलीही बरी फॅमिली गाडी तिला सहज मागे टाकेल. पण तिच्या स्टिअरिंगमधून रस्ता माझ्या तळहाताला कळतो. तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरला येताना, ब्रेक दाबलेला असतानाच त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबून इंजिन जुळवून घेतलं की ती झटका न देता वळणात शिरते. हे जमायला मला वर्ष लागलं. पैसे उधळले म्हणाल तर १८०० पौंडांना जुनी घेतली होती, त्याहून जास्त तुमच्या नव्या गाडीची किंमत एका वर्षात उतरते. "आवड आहे, पण स्वस्तात भागवते," असं मी अभिमानाने सांगायचे. चुकलं ते तिथेच.

त्या दुपारी ग्लॉसॉपहून स्नेक पासच्या घाटरस्त्याने परत येत होतो. शेजारी अकरा वर्षांची लेक. पाऊस थांबलेला, रस्ता ओला. लेडीबाउअर जलाशयाच्या बाजूला उतरताना एक डावं वळण वाटलं त्यापेक्षा आवळत गेलं. वेग पस्तीस मैल, मर्यादा पन्नासची. मी दचकले आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला. खंबाटकीत बाबांच्या मारुती ८००वर शिकले तेव्हापासूनची पायाची सवय. ती गाडी पुढच्या चाकांनी ओढली जायची, पाय उचलला की निमूट आत वळायची. हिची ताकद मागच्या चाकांना. पाय उचलताच भार पुढे गेला, मागची बाजू हलकी झाली आणि सुटली. उलटं स्टिअरिंग फिरवलं, उशीर झाला होता. हिरवं, राखाडी, हिरवं. गाडी आलो त्या दिशेला तोंड करून थांबली, दगडी भिंतीपासून वीतभर अंतरावर. समोरून कुणी येत नव्हतं, एवढंच. लेक ओरडली नाही. दोन्ही हातांनी सीटची कड धरून समोर बघत राहिली. मी तिला हाक मारली, तिने मान वळवली नाही.

घरी आल्यावर टॉर्च घेऊन टायरची बाजू वाचली. शेवटचे चार आकडे ३१०९: २००९चा एकतिसावा आठवडा. चौदा वर्षांचे, गाडीसोबतच आलेले. वर्षाला हजार-दीड हजार मैल चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात. कायद्याला १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, माझ्याकडे सहा होती. एमओटी, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत, गाडी पास. रबर मात्र कडक होऊन ओल्या रस्त्यावरची पकड गेलेली. सप्टेंबर २०१२मध्ये इंग्लंडमधल्याच हाइंडहेडजवळ एका कोच बसचा पुढचा टायर फुटून तिघांचा जीव गेला, तो टायर एकोणीस वर्षांहून जुना होता. २०२१पासून ट्रक-बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांची मर्यादा आली. खासगी गाड्यांना अजून नाही. याचा मला संताप येतो. पण तो आकडा माझ्याच दारात उभ्या गाडीवर छापलेला होता आणि तीनशे पौंड वाचवायचे म्हणून मी वाकून कधी बघितला नव्हता.

"मंद गाडी जोरात चालवण्यात धोका नसतो," असं मी तुमच्यातल्या कित्येकांना पटवून दिलं होतं. ते सांगणाऱ्या माझ्यातल्या त्या बाईशी मी अजून भांडते. मग ती म्हणते, चूक टायरची आणि पायाची होती, आवडीची नव्हे. तेही मला खोडता येत नाही.

चारही टायर दुसऱ्याच दिवशी बदलले. ओल्या मैदानावर शिकवणाऱ्याकडे जाऊन एक दिवस मुद्दाम गाडी घसरवली, पाय धीराने ठेवायला शिकले. विकायची जाहिरात दोनदा लिहिली, दोनदा पुसली. लेक अजून त्या गाडीत बसत नाही. मीही बोलावत नाही. रविवारी पहाटे एकटी जाते आणि ती उठायच्या आत परत येते.