पहिला टाकला की तिसरा पडतो

‘मारुतीचा गिअर घरी दुरुस्त केला म्हणे? कसा काय?’ रंकाळ्यावर फिरताना हे इतक्यांनी विचारलंय, की एकदा लिहूनच टाकतो.

माझी आठशे १९९८ ची, चार गिअरची. दसरा चौकात सिग्नल सुटला, पहिला टाकला, क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद. पडला होता तिसरा. मागच्या रिक्षावाल्यानं माझ्याबद्दल जे मत दिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तुमचीही लिव्हर अशी लुळी पडली असेल, तर आधी इंजिन बंद ठेवून गिअर टाकून बघा. बंद गाडीतही लिव्हर चाचपडत असेल, तर दोष बहुधा लिव्हरपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या रॉडच्या सांध्यात असतो. बंद असताना अलगद पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर आधी क्लच बघायचा.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावा, चाकांना दगड लावा. सायलेन्सरचा पाइप गार होऊ द्या. माझ्या कोपरावर अजून डाग आहे. आमची सौ. वर बसून ‘पहिला... दुसरा...’ म्हणत लिव्हर हलवत होती, मी खालून बघत होतो. लिव्हर सरकायची, पण रॉड क्षणभर जागचा हलायचा नाही. गिअरबॉक्सजवळच्या सांध्यातल्या बुशचा, म्हणजे बोल्टभोवती फिरणाऱ्या छोट्या नळीचा, पार चुरा झालेला.

लाजेची गोष्ट म्हणजे ते बुश सहाच महिन्यांपूर्वी मीच बदललं होतं. ‘डुप्लिकेट माल’ म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालत उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. त्यानं बुशकडे बघितलंसुद्धा नाही. बोल्ट उचलला.

“आटं पार डोक्यापतुर हायती की! असला कशाला घेतलासा?”

तिथं माझी चूक कळली. जुना बोल्ट झिजला म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून मापाचा नवा आणला होता, पण फुल थ्रेडचा. गिअर टाकताना बुश बोल्टभोवती फिरतं आणि आटे कानशीसारखे ते खात राहतात. बोल्टचा बुशमधला भाग गुळगुळीतच हवा. वरून मी नटही आवळून टाकला होता.

त्यानं लोखंडी स्लीव्ह (बोल्टवर, बुशच्या आत बसणारी नळी) कापून दिली, बुशपेक्षा कागदाच्या जाडीएवढी लांब. नट कितीही आवळला तरी दाब स्लीव्हवर येतो, बुश मोकळं फिरतं. नव्या बुशला नायलॉन नको म्हणाला. “पाणी पितंय त्ये. पावसाळ्यात फुगून धरंल.” म्हणून डेल्रिनचं केलं, ते फारसं पाणी न पिणारं कडक प्लास्टिक. हाफ थ्रेडचा बोल्ट, नायलॉक नट (हादऱ्यानं सहसा ढिला न होणारा), थोडं ग्रीस. बसवायला वीस मिनिटं लागली. चहा पिऊन गप्पा मारण्यात दुपार गेली ती वेगळी.

शेजारचा दुसरा रॉडही तपासा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, त्याच्याबरोबर लिव्हरही हलावी म्हणून तो असतो. त्याचं रबर गेलं असेल, तर नुसतं बुश बदलून पूर्ण फरक पडणार नाही. आणि चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटत असेल, सांधे नि माउंटिंग ठीक असतील, तर मामला गिअरबॉक्सच्या आतला. तो मी उघडत नाही, मिस्त्रीकडे नेतो.

आता पन्हाळ्याच्या चढाला दुसरा-तिसरा बिनचूक पडतो. रिव्हर्सला तेवढी कधीकधी करकर होते. त्याला सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना आतल्या चाकांचा वेग जुळवणारी कडी, नसतो. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन क्षण थांबायचं असतं. मी थांबतो. सौ. थांबत नाही.