2019 ची वॅगनआर घेताय? साल नको, महिना विचारा

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मॉडेल कुठलं?" समोरून उत्तर येतं, "एकोणीसचं." इथे बहुतेकांचं समाधान होतं. छोट्या गाड्यांत 2019 सालाबद्दल एवढ्यावर समाधान मानू नका. त्या एका सालात चांगल्या-वाईटाची रेघ महिन्यावर पडते.

मारुतीची नव्या बांधणीची वॅगनआर जानेवारी 2019 मध्ये बाजारात आली. 15 नोव्हेंबर 2018 ते 12 ऑगस्ट 2019 या काळात बनलेल्या एक लिटरच्या 40,618 गाड्या कंपनीने त्याच ऑगस्टमध्ये तपासणीला बोलावल्या. पेट्रोलचा होज (रबरी नळी) लोखंडी क्लॅम्पला घासत असल्याची शंका होती. जुलै 2020 मध्ये पुन्हा बोलावणं आलं, या वेळी फ्युएल पंपासाठी. त्यात 15 नोव्हेंबर 2018 ते 15 ऑक्टोबर 2019 मधल्या एक लिटरच्या 56,663 वॅगनआर होत्या आणि 8 जानेवारी ते 4 नोव्हेंबर 2019 मधल्या 78,222 पेट्रोल बलेनो. मार्च 2024 मध्ये तिसरी खेप निघाली. तीही पंपाच्या मोटरपायीच: 30 जुलै ते 1 नोव्हेंबर 2019 मधल्या 4,190 वॅगनआर आणि 11,851 बलेनो.

तारखा एकावर एक ठेवून बघा. ऑगस्ट 2019 च्या पहिल्या आठवड्यात बनलेली एक लिटरची वॅगनआर तिन्ही खेपांच्या तारखांत बसते. डिसेंबर 2019 ची एकाही खेपेत बसत नाही, शिवाय ती बीएस-6 म्हणजे धुराच्या नव्या, कडक निकषाची आहे, कारण एक लिटरचं इंजिन नोव्हेंबर 2019 मध्येच बीएस-6 झालं. जाहिरातीत मात्र दोन्ही "2019 मॉडेल"!

नवी बांधणी आली की पहिले आठ-दहा महिने थांबावं, हा गॅरेजवाल्यांचा जुना हिशोब उगाच नाही. रेनोची क्विड 2015 च्या सप्टेंबरात आली आणि 18 मे 2016 पर्यंतच्या 800 सीसी गाड्या इंधनाच्या होजसाठी परत बोलवाव्या लागल्या. पण हा हिशोब प्रत्येक वेळी लागू पडत नाही. 2015 मध्ये दाराच्या लॅचसाठी 33,098 अल्टो बोलावल्या, त्यात नुकतीच आलेली के-10 होती तशी 2012 पासून रस्त्यावर असलेली अल्टो 800 सुद्धा होती.

महिना आरसीवर छापलेला असतो. नोंदणीची तारीख नव्हे, उत्पादनाचा महिना वाचा. 31 मार्च 2020 नंतर बीएस-4 गाडीची नोंदणी बंद होणार होती, त्यामुळे त्याआधी शोरूमनी साठा घाईने खपवला. म्हणून फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये पासिंग झालेली गाडी प्रत्यक्षात 2019 च्या मधल्या महिन्यांतली असू शकते. त्यानंतर चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका. मारुतीचा नंबर एमए3 ने सुरू होतो, पुढे 14 अक्षरं-आकडे. काम बाकी असेल तर अधिकृत वर्कशॉपमध्ये फुकट होतं. झालं असेल तर जॉबकार्ड, म्हणजे वर्कशॉपने केलेल्या कामाचा कागद, मागा. "झालंय हो सगळं" हे एजंटचं वाक्य जॉबकार्ड नव्हे.

पंपाची परीक्षा अशी घ्या. इंजिन सुरू न करता चावी फक्त ऑनवर न्या. मागच्या सीटकडून दोन-तीन सेकंद बारीक घूं ऐकू आला पाहिजे. मग एसी लावून जुन्या कात्रज घाटाने वर चढा. चढावर पिकअप तुटतोय, गाडी हिसके देतेय, तर संशय धरा. वर पोचल्यावर बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा स्टार्टर मारा. थंड इंजिनाला झटक्यात उठणारी गाडी तापल्यावर तीन-तीनदा स्टार्टर मागत असेल तर सौदा थांबवा. सोबत ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) असला तर पी0171 कोड शोधा. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, असा त्याचा अर्थ. कोड एकही नाही पण रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या करायच्या तपासण्या, अपूर्ण दिसतायत, तर मेमरी नुकतीच पुसलेली असण्याची शक्यता मोठी.

पुण्यात 2019 च्या गाडीला आणखी एक धोका आहे, पाण्याचा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा काठच्या सोसायट्यांतल्या गाड्या पाण्यात गेल्या. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत तेच झालं. मालक पहिलाच असेल तर विम्याच्या कागदावर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, बघा. सलग पाच वर्षं क्लेम नसला की ती 50 टक्क्यांवर पोचते. 2019 पासून एकाच हातात असलेल्या गाडीला 20 किंवा 25 टक्केच दिसत असेल, तर मधे कधीतरी क्लेम झालाय किंवा विमा खंडित झालाय. कुठल्या वर्षी आणि कशासाठी, ते लेखी विचारा. एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम केला तरी सूट टिकवणारं जादा कव्हर) घेतलेलं असेल तर मात्र हा आकडा काही सांगत नाही.

तेव्हा हातानेच बघा. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढा. रोज बाहेर येणारा पट्टा धुतला जातो, आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची पिवळट रेघ तशीच राहते. सीटखालच्या रेलचे बोल्ट आणि स्टेपनीच्या खोबणीचा तळ टॉर्च मारून बघा. बाकी गाडी चकचकीत आणि नेमके हेच बोल्ट गंजलेले असतील, तर भाव कितीही उतरवून दिला तरी ती गाडी घेऊ नका.