सँ-जाँची चढण सोडा, सुबिरीचा उतार बघा: क्रूझ आणि कामिनो, दोघांचा वृत्तांत

आधी चाला, मग जहाजावर जा. उलटा क्रम लावू नका.

आम्ही दोघं नवरा-बायकोंनी रोमजवळच्या चिविटावेक्किया बंदरातून बार्सिलोनापर्यंत क्रूझ केली आणि तिथून फ्रान्समधल्या सँ-जाँ-प्ये-द-पोरला जाऊन कामिनो दे सांतियागो, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोपर्यंतची जुनी ख्रिस्ती पायी यात्रा, चालायला सुरुवात केली. जहाजाचं तिकीट विकणाऱ्याने ठासून सांगितलं होतं की आधी जहाजावर विश्रांती घ्या, म्हणजे ताज्या पायांनी चालाल. जहाजावर पाय ताजे होत नाहीत, सैल पडतात. चार वेळा खाणं, लिफ्टने फिरणं आणि डेकवर खुर्ची धरून बसणं. त्या पायांनी फ्रान्स-स्पेन सीमेवरचे पिरेनीज डोंगर चढायला लागलो, तेव्हा दोघांच्याही पोटऱ्या पहिल्याच तासात बोलायला लागल्या. पुण्यात वर्षभर सिंहगड करून कमावलेलं बरंचसं तिथेच गेलं.

जहाजाबद्दल थोडक्यात. माहितीपत्रकातली किंमत ही फक्त खोलीची आणि जेवणाची. माणशी रोजचा सेवा आकार, पेयं, इंटरनेट, काही बंदरांत धक्क्यापासून गावापर्यंतची बस हे सगळं वेगळं, आणि हिशोब शेवटच्या रात्री हातात पडतो. रोजच्या रोज रिसेप्शनवर बिल बघत जा. बंदर सोडण्यापूर्वी दोघांचेही मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात फोन आपोआप जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि ते दर आपल्या साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाहीत.

सगळ्यात जास्त राग आला तो इटलीतल्या ला स्पेत्सिया बंदरात. तिथून चिंक्वे तेर्रेची पाच गावं बघायला जहाजाची सहल माणशी शंभर डॉलरच्या वर होती. प्रत्यक्षात ला स्पेत्सियाच्या स्टेशनवरून त्यातल्या रियोमाज्जोरेला लोकल ट्रेन दहाएक मिनिटांत पोहोचते आणि मोसमातसुद्धा तिकीट दहा युरोंच्या आसपास. आमच्या टेबलावरचं एक जोडपं जहाजाच्या सहलीने गेलं आणि आम्हाला त्याच ट्रेनच्या डब्यात, झेंडीवाल्या गाइडच्या मागे उभं दिसलं! ला स्पेत्सियाला जहाजाची सहल घेणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं. त्याच पाचातल्या मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा ही साडेतीन किलोमीटरची पायवाट चाला, पायऱ्या भरपूर आहेत पण गडावर जाणाऱ्याला काहीच नाही. चपला घालून जाऊ नका, या वाटांवर त्याला दंड आहे.

व्हिसा स्पेनकडून काढा, कारण सगळ्यात जास्त दिवस तिथेच जातात. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाचा, नियम 180 दिवसांत 90 दिवसांचा आहे, क्रूझ आणि कामिनो दोन्ही त्यात बसतात. पण तुमचं जहाज मध्येच ट्युनिस किंवा तुर्कस्तानला जात असेल तर मल्टिपल एंट्रीच हवी, नाहीतर परत युरोपात उतरता येणार नाही. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. एटीएमने रुपयांत हिशोब करू का असं विचारलं तर नाही म्हणा, युरोच निवडा.

आता मुख्य गोष्ट.

कामिनोबद्दल जे जे वाचलं, ऐकलं, त्या सगळ्यात पहिल्या दिवसाची भीती होती. सँ-जाँ साधारण 170 मीटरवर, लेपोएदेरची खिंड 1430 मीटरवर आणि मग उतरून रोन्सेसवायेस, एकूण 25 किलोमीटर. दमवणारा दिवस आहे, मान्य. पण रस्ता बराचसा डांबरी किंवा गवताचा, वाटेत ओरिसाँला खायला मिळतं, आणि शेवटच्या उतारावर जंगलातली वाट नको असेल तर इबान्येताकडून सौम्य वाट आहे. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्यांनी त्याची चिंता करू नये. नोव्हेंबर ते मार्च तो मार्ग बंद असतो, तेव्हा खालून वाल्कार्लोसमार्गे जायचं. बस्स.

दुसरा दिवस, रोन्सेसवायेस ते सुबिरी, जेमतेम 22 किलोमीटर. आम्हाला सांगितलं होतं की हा दिवस म्हणजे कालच्या दिवसाची विश्रांती. खोटं आहे हे! बुर्गेते, एस्पिनाल, बिस्कारेतपर्यंत खरोखर छान जातं. लिन्सोआइन गाव संपलं की सरळ चढ लागतो, मग झाडीतून डोंगरमाथ्याची लांब वाट, आणि एर्रोच्या खिंडीत एन-135 हा मोठा रस्ता ओलांडला की उतार सुरू होतो. सुबिरी जवळपास पावणेतीनशे मीटर खाली आहे. तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये ही उंची उतरायची.

आकड्यांत हे काहीच वाटत नाही. त्रास दगडाचा आहे. इथला खडक पातळ थरांचा, आणि ते थर वाटेवर तिरपे, धारेवर उभे आहेत. पाऊल सपाट टेकतच नाही. दोन थरांमधल्या खाचेत बुटाचं टोक अडकतं, टाच घसरते, आणि पाठीवरची पिशवी पुढे ढकलते. हजारो लोकांच्या चालण्याने दगड गुळगुळीत झालेत. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारची सर येऊन गेली होती आणि सगळा उतार साबण लावल्यासारखा झाला होता. एवढ्याशा अंतराला आम्हाला जवळजवळ दोन तास लागले. आमच्या पुढची एक जर्मन बाई पडली आणि मनगट धरून बसली, तिला दोघांनी धरून खाली आणलं. आमच्या यांचा उजवा गुडघा तिथे जो दुखावला तो पार पुढच्या बुर्गोस शहरापर्यंत पट्ट्यात होता. आल्प्समध्ये चालून आलेले तरुणसुद्धा तिथे बाजूच्या झाडांना धरत होते.

तेव्हा सांगते, ऐका. रोन्सेसवायेसहून सुबिरी एका दिवसात करू नका. एस्पिनाल किंवा बिस्कारेतला मुक्काम करा आणि एर्रोचा उतार दुसऱ्या दिवशी सकाळी, कोरड्या दगडावर, ताज्या पायांनी उतरा. काठ्या दोन हव्यातच, आणि उतरताना त्यांची लांबी वाढवा. विमानात त्या हातातल्या बॅगेत सहसा नेऊ देत नाहीत, त्यामुळे बार्सिलोनाला किंवा सँ-जाँला घ्या. बुटाची लेस खिंडीतच वरपर्यंत घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. पाऊस सुरू असेल तर हट्ट करू नका, रस्ता ओलांडतो तिथूनच टॅक्सी बोलवा. त्या वळणावळणाच्या रस्त्याने ट्रकसोबत चालत उतरणं मला पटलं नाही. आणि सुबिरीत यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या खाटा लवकर भरतात. उशिरा पोहोचलात तर लारासोआन्यापर्यंत आणखी पाच-साडेपाच किलोमीटर जावं लागेल, म्हणून नोंदणी आधीच करा.

घरी सराव करताना सिंहगड चढण्याचं कौतुक पुरे. पाठीवर सहा-सात किलो घेऊन उतरायचा सराव करा.

सामानाचं मात्र सोपं आहे. वारीत दिंडीचा ट्रक पुढे जातो तशी इथे पिशवी पुढच्या मुक्कामाला पाठवता येते, टप्प्याला साधारण पाच ते सात युरो. स्पेनचं पोस्ट खातं, कोर्रेओस, हे काम करतं. जहाजासाठी घेतलेले चांगले कपडे, साडी, सूट असलेली मोठी बॅगही त्यांनी थेट सांतियागोला पाठवून सांभाळून ठेवली. हे काम चोख झालं.

शाकाहारी असाल तर "मिक्स सॅलड" मागितलं की त्यात ट्यूना येणारच. "सिन आतून, सिन हामोन" (ट्यूना नको, हॅम नको) हे स्पॅनिश शब्द पाठ करा. लसणाच्या सुपातही हॅम असतं. बटाट्याचं तोर्तिया चालतं, अंडं चालत असेल तर. रविवारी दुकानं बंद, दुपारी दोन ते पाचही बंद, म्हणून शनिवारी फळं आणि ब्रेड घेऊन ठेवा.

बुर्गोस ते लेओनचं पठार सपाट आहे, उन्हाची टोपी घ्या. पुढे काही सांगण्यासारखं नाही. सारिया गावापासून एकदम गर्दी होते, कारण यात्रा केल्याच्या प्रमाणपत्राला शेवटचे 100 किलोमीटर पुरतात. तिथे यात्रेकरूच्या पासबुकावर रोज दोन शिक्के घ्यायला विसरू नका.

सांतियागोला चौकात पोहोचलो तेव्हा मी रडले, हे दगडावर आडवे झाले. दोघांनाही थांबावंसं वाटेना. म्हणून समुद्रापर्यंत, फिनिस्तेरेला, आणखी 90 किलोमीटर चाललो. बस जाते, दोन-तीन तासांत पोहोचवते. बसने जाऊ नका, चालत जा, गुडघा दुखत असला तरी. फक्त ओस्पिताल गाव सोडलं की सेए गावापर्यंत चौदाएक किलोमीटर ना बार ना दुकान, पाणी ओस्पितालमध्येच भरून घ्या.