पिकअपच्या रिममध्ये साचणारा बर्फ आणि हायवेवरची थरथर

कॅनडातल्या कॅल्गरीत मोठी हिमवृष्टी होऊन गेली की पुढच्या दोन-तीन दिवसांत कोणा ना कोणा नव्याने आलेल्या मराठी माणसाचा फोन येतो आणि तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत असते: “दादा, गल्लीत गाडी अगदी व्यवस्थित चालते, पण डिअरफूट हायवेवर चढून ऐंशीच्या पुढे गेलो की स्टिअरिंग थरथरायला लागतं.” बहुतेकांनी सेकंडहँड पिकअप घेऊन फार दिवस झालेले नसतात, त्यामुळे विकणाऱ्याने फसवले, सस्पेन्शन गेले, किंवा निदान अलाइनमेंट तरी बिघडली, अशी त्यांची खात्री होत आलेली असते, आणि कुठल्या तरी गॅरेजची वेळही घेऊन झालेली असते. मी त्यांना एवढेच सांगतो की गॅरेजला जाण्याआधी टॉर्च हातात घ्या, गाडीशेजारी गुडघे टेकून बसा आणि चारही चाकांच्या आतल्या बाजूला प्रकाश टाकून बघा. हा विषय दर हिवाळ्यात तुकड्या-तुकड्यांनी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावा, असे बरेच दिवस मनात होते.

चाकाची जी बाजू आपल्याला उभ्याने दिसते, तिथला बर्फ फारसा त्रास देत नाही. खरा साठा असतो तो स्पोकच्या मागे, रिमच्या पिंपासारख्या खोल भागात. तिथे स्पोकच्या पाठीमागे एक खळगा असतो आणि बर्फ नेमका त्यात दबून बसतो. हातमोजा घालून स्पोकमधून बोटे आत सरकवली तर एक गुळगुळीत, थंड कठीण पृष्ठभाग लागतो आणि तो रिमच्या गोलाईतच इतका बेमालूम बसलेला असतो की आधी धातूच वाटतो. फोडून बाहेर काढल्यावर कळते की हा भुसभुशीत हिम नाही: रस्त्यावर टाकलेली बारीक खडी, वाळू आणि ब्रेकची काळी पूड मिसळलेला करडा, दगडासारखा तुकडा असतो, एका बाजूने रिमचा साचा उमटलेला आणि दुसऱ्या बाजूने ओबडधोबड.

चाक जोरात फिरले की बर्फ आपोआप उडून जाईल, हा अंदाज स्वाभाविक असला तरी चुकीचा आहे. फिरणाऱ्या चाकातली वस्तू बाहेरच्या दिशेला ढकलली जाते, आणि इथे बाहेरच्या दिशेला रिमची भिंतच उभी असते, म्हणून वेग वाढेल तसा बर्फ त्या भिंतीवर अधिकच घट्ट दाबला जातो. आता थोडा हिशेब करू. फोर्ड एफ-१५० वगैरे पिकअपवर नेहमी दिसणारा २७५/६५ आर १८ मापाचा टायर साधारण ८१ सेंटिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाला तो सेकंदाला जवळपास ११ फेरे घेतो. रिमच्या आत एका जागी अर्धा किलो बर्फ चिकटलेला असेल, तर या वेगाला तो चाकाला सुमारे ५० किलो वजनाइतक्या जोराने ओढतो, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला ११ वेळा वर-खाली, पुढे-मागे फिरत राहते. व्हील बॅलन्सिंग करताना कारागीर ५-१० ग्रॅमची वजने चिकटवून ज्या तोलाची काळजी घेतो, तिथे अर्धा किलो म्हणजे केवढी मोठी गडबड आहे, हे यावरून ध्यानात येईल. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी ५० ला तोच बर्फ जेमतेम १२ किलोंइतका जोर लावतो, म्हणूनच गल्लीत गाडी निमूटपणे चालते आणि हायवेवर अंगात आल्यासारखी हादरते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना चक्रावते. काल याच बर्फातून आलो तेव्हा काही झाले नाही, मग आज अचानक काय झाले? याचे उत्तर असे की बर्फ रिमच्या सगळ्या बाजूंनी सारखा साचलेला असेल तर चाक जड होते, पण त्याचा तोल फारसा जात नाही. त्या कड्यातला एक तुकडा सुटून पडला की मात्र उरलेला बर्फ एकतर्फी होतो आणि चालत्या गाडीत, कुठल्याही खड्ड्यावरून न जाता, एकाएकी हादरे सुरू होतात. महाराष्ट्रात पावसाळ्यात चिखलाच्या रानातून गाडी बाहेर काढली आणि रिममध्ये चिखल वाळून बसला तरी डांबरी रस्त्यावर हाच प्रकार होतो. फरक इतकाच की चिखल पाण्याने धुतला की विषय संपतो आणि इथे पाण्याचाच पुन्हा बर्फ होतो.

कॅल्गरीत हा त्रास जास्त का होतो, हे चिनूक वाऱ्याचा विचार केल्याशिवाय समजणार नाही. उणे वीसला पडणारा हिम कोरडा, पिठूळ असतो आणि सहसा चटकन चिकटत नाही. पण पश्चिमेकडून रॉकी पर्वत उतरून चिनूक आला की काही तासांत तापमान शून्याच्या वर चढते, रस्त्यावरचा हिम ओला, जड होतो आणि चाकांत लगद्यासारखा भरतो, आणि वारा थांबला की रात्री पारा पुन्हा उणे दहा-बारावर उतरतो. संध्याकाळी कामावरून घरी येऊन गाडी उभी केली तेव्हा ब्रेकच्या डिस्क तापलेल्या असतात. त्या उष्णतेने रिममधला थोडा बर्फ वितळतो, पाणी ओघळून चाकाच्या सर्वांत खालच्या भागात जमते आणि पहाटेपर्यंत तिथे गोठते. रात्री जो बर्फ चाकभर पसरलेला होता, तो सकाळी एका जागी गोळा झालेला असतो. घराला लागून असलेल्या, पण हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये गाडी ठेवणाऱ्यांना याचा अनुभव जास्त येतो, कारण तिथे बर्फ अर्धवट वितळण्याइतकी ऊब असते आणि पुरता निचरा होण्याइतकी नसते. अर्धवट वितळलेला बर्फ हा न वितळलेल्या बर्फापेक्षा वाईट, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान गाड्यांनाही हे होते, पण पिकअपला अधिक, कारण तिची चाके मोठी, रिम रुंद आणि खोल, आणि तिची उंची व फोर-बाय-फोर यांच्या भरवशावर आपण ती अशा हिमात घालतो जिथे कार नेण्याचे धाडसच करणार नाही. त्यातही गाडी हिमाच्या ढिगात अडकल्यावर पुढे-मागे, पुढे-मागे करून बाहेर काढली असेल, तर प्रत्येक झोक्याबरोबर चाकात हिम ठासून भरला जातो. अशा प्रसंगातून सुटका झाल्याच्या आनंदात माणूस थेट हायवेला लागतो, आणि नेमके तेच टाळायला हवे.

हायवेवर थरथर सुरू झालीच तर घाबरून जोरात ब्रेक दाबू नये. अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू सैल करावा, हॅझर्डचे दिवे लावावेत, हादरे थांबतील त्या वेगाला उतरावे आणि पुढच्या एक्झिटने बाहेर पडून पेट्रोल पंपासारखी सुरक्षित जागा गाठावी. एडमंटनकडे जाणाऱ्या हायवे क्रमांक २ वर वाहने ताशी ११० च्या वेगाने जात असताना कडेच्या पट्टीवर उकिडवे बसून चाकातला बर्फ काढणे हे बर्फापेक्षा कितीतरी मोठे संकट आहे. हादरे कुठे जाणवतात हेही त्या वेळी लक्षात ठेवावे: स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढची चाके, आणि सीट किंवा पायाखालची फरशी थरथरत असेल तर मागची.

साफ करायला मी रबरी हातोडा आणि लाकडी दांड्याचा एक तुकडा हौद्यातल्या पेटीत ठेवतो. सपाट जागी गिअर ‘पार्क’वर टाकून इंजिन बंद करावे, चाकाला अडसर लावावा, आणि डिस्क हाताला सोसतील इतक्या निवेपर्यंत थांबावे. लांबच्या उतारावरून आल्यावर त्या इतक्या तापलेल्या असतात की जाड हातमोज्यातूनही चटका बसतो. मग टायरवर रबरी हातोड्याने चौफेर ठोकावे. पुष्कळदा एवढ्यानेच मोठे तुकडे सुटतात. उरलेला बर्फ दांड्याच्या टोकाने स्पोकमधून आणि आतल्या बाजूने, मडगार्डखालून हात घालून, हलकेच ढकलून काढावा. लोखंडी हातोडा, पहार, स्क्रूड्रायव्हर यांतले काहीही वापरू नये, कारण त्या बर्फाच्या आत काय दडलेले आहे ते आपल्याला दिसत नसते: हवेच्या दाबाच्या सेन्सरला जोडलेला व्हॉल्व्ह, ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसच्या सेन्सरची वायर, ब्रेकचा रबरी पाइप, आणि रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजने. यातले एखादे वजन बर्फाबरोबर निखळले, तर बर्फ गेल्यावरही थरथर तशीच राहते आणि माणूस गोंधळात पडतो. चाकाचा जो भाग कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) मागे लपलेला असतो तो तसाच राहू नये म्हणून गाडी अर्धा फेरा पुढे घेऊन पुन्हा बघावे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात.

उकळते पाणी ओतण्याचा सल्ला अनेकांकडून ऐकायला मिळतो आणि तो मला अजिबात पटत नाही. कडाक्याच्या थंडीत गार पडलेल्या डिस्कवर उकळते पाणी ओतणे धातूला मानवत नाही, आणि ते पाणी ब्रेकच्या सांध्यांत शिरून काही मिनिटांत गोठते ते वेगळेच. त्यापेक्षा नाणी टाकून चालणाऱ्या, उबदार शेड असलेल्या कार वॉशमध्ये जाऊन प्रेशरच्या नळीने चाके आतून धुवावीत. नळीचे तोंड टायरच्या बाजूच्या भिंतीला आणि व्हॉल्व्हला अगदी खेटून मात्र धरू नये. बाहेर पडल्यावर आवारातच हळू गाडी चालवत ब्रेक चार-सहा वेळा हलके दाबावेत, म्हणजे डिस्क आणि पॅड कोरडे होतात. पारा उणे वीसच्या खाली असताना मी गाडी धुण्याच्या फंदातच पडत नाही. अगदी चिवट बर्फाची रिमवरची पकड सुटावी म्हणून उणे ४० पर्यंत न गोठणारा विंडशील्ड वॉशर थोडासा मारला तर उपयोग होतो. मीठ टाकू नये, त्याने अलॉय रिम आणि ब्रेक दोन्ही गंजतात.

हा बर्फ मुळात साचूच नये असा पक्का उपाय नाही. हिवाळी टायरसाठी स्टीलची रिम घेतली तर समोरून हिम कमी शिरतो, पण आतली बाजू उघडीच असते. रिमच्या आत सिलिकॉनचा फवारा मारणारेही आहेत. त्याने बर्फ सुटायला मदत होते, पण दोन धुण्यांत त्याचा परिणाम संपतो, आणि डिस्कवर उडाला तर ब्रेकची पकड कमी होऊ शकते, म्हणून मी तो कोणालाही सुचवत नाही. खोल हिमातून बाहेर पडल्यावर आणि हायवेला लागण्यापूर्वी पाच मिनिटे थांबून चाके ठोकून घेणे, आणि गाडी उभी करताना रस्त्यावरचा हिम बाजूला सारणाऱ्या प्लाऊने लोटलेल्या ढिगात चाके न रुतवणे, या दोन सवयींनी जितका फरक पडतो तितका कुठल्याही फवाऱ्याने पडत नाही.

आता ज्या गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते तिच्याकडे येतो. एकदा हे बर्फाचे गणित कळले की माणूस प्रत्येक थरथरीला “बर्फच असेल” म्हणून सोडून देऊ लागतो. रात्रभर कडक थंडीत उभ्या असलेल्या टायरचा खालचा भाग चपटा होतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते. ते टायर तापल्यावर आपोआप थांबते, त्याची चिंता नको. पण चाके स्वच्छ केल्यानंतर आणि टायर तापल्यानंतरही हादरे राहिले, आणि त्यातही नुकतेच हिवाळी टायर चढवून घेतलेले असतील, तर तिथून पुढे एक किलोमीटरही न जाता चाकाचे नट तपासावेत. चाक बदलल्यावर नट थोडे बसतात, म्हणजे किंचित सैल होतात, म्हणून पहिल्या ८० ते १०० किलोमीटरांनंतर ते पुन्हा आवळायचे असतात. रिम आणि हब (चाक ज्यावर बसते तो भाग) यांच्यामध्ये बर्फाचा किंवा गंजाचा पातळ थर राहिला असताना चाक चढवले असेल, तर तो थर वितळल्यावर किंवा झडल्यावर नट आणखी सैल पडतात. तेव्हा चाक स्वतः चढवत असाल तर हबचा तो पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून, कोरडा करूनच चढवा. एफ-१५० ला प्रत्येक नट १५० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २०३ न्यूटन-मीटर एवढा आवळायचा असतो. इतर गाड्यांचा आकडा त्यांच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तो अंदाजाने, पान्यावर पाय देऊन नव्हे, तर टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट आळीपाळीने घेत आवळावा. टॉर्क पाना नसेल तर नट आधी साध्या पान्याने घट्ट करा, मगच हळू जवळच्या टायरच्या दुकानात जा आणि नट तपासून मागा. बहुतेक ठिकाणी त्याला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.