छत्री आणि राणी

वर्गात छत्री उघडायची नाही, हा आपल्या ठाण्यातल्या शाळेचा नियम. बाहेर झटकायची आणि खुंटीला अडकवायची. १९७५ च्या ऑगस्टमध्ये तो नियम खुद्द विज्ञानाच्या सरांनीच मोडला. आम्ही तेव्हा सातवीत. सरांनी आपली निथळती काळी छत्री भर वर्गात फाडकन उघडली, उलटी धरली आणि म्हणाले, "आभाळात अशी एक छत्री आहे. तीस फुटांची. मिटून वर नेली आणि तिथे गेल्यावर उघडली." पहिल्या बाकावरच्या आमच्या वह्या भिजल्या त्या भिजल्याच.

ती छत्री म्हणजे एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहाची अँटेना. १ ऑगस्टपासून वर्षभर हा उपग्रह आपल्या देशासाठी वापरायला मिळाला होता. ३६ हजार किलोमीटरवरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट टीव्ही दिसणार होता. खेड्यातली अँटेना कसली, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फुटांची. सहा राज्यांत महाराष्ट्र नाही, याचा सरांना भारी राग. जणू त्यांच्याच घरचं आमंत्रण चुकलं होतं.

पुढे शाळेत एक बडे पाहुणे यायचे ठरले. कुंड्यांना गेरू लागला, जिने फिनेलने धुतले, लेझीमवाल्यांच्या तालमी सुरू झाल्या. आम्ही चौघांनी सरांच्या छत्रीचा उपग्रह केला: दांड्याला पावडरचा डबा बांधला आणि खालच्या खेड्यासाठी जांभळी नाक्यावरून जाळी आणली. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी कुणीतरी मोठ्या माणसाने तो कपाटामागे सरकवला. मंगल प्रसंगी काळी छत्री कशाला, म्हणे! तिच्या जागी थर्माकोलचा ताजमहाल आला. आम्ही गेटपाशी उन्हात दोन तास कागदी झेंडे धरून उभे. सर काही बोलले नाहीत. संध्याकाळी छत्री काखोटीला मारून तलावपाळीच्या दिशेने निघून गेले.

आता एकदम २००७. मी तेव्हा अमेरिकेत मेरीलँडमध्ये, नासाच्या गोडार्ड केंद्रात कंत्राटी प्रोग्रॅमर होतो. एटीएस-६ चा कारभार याच केंद्राने पाहिलेला, हे मला तिथे गेल्यावर कळलं. सरांच्या छत्रीला आठ काड्या होत्या, वरच्या छत्रीला ४८, हेही तिथेच कळलं. ८ मे रोजी इंग्लंडची राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप केंद्र पाहायला आले. एरवी चुरगळलेल्या टी-शर्टात येणारे आमचे सहकारी त्या दिवशी टाय लावून. मीही दोरीच्या अलीकडे उभा. हातात झेंडा नव्हता एवढंच, बाकी तेच शाळेचं गेट.

मिशन कंट्रोल पाहून राणी सभागृहाकडे पायी निघाली. वय ८१, चाल ठाम. मला वाटेत एक गंमत सुचली. ज्यांच्या नावाचं हे केंद्र, त्या रॉबर्ट गोडार्ड यांनी द्रव इंधनावरचं पहिलं रॉकेट उडवलं १६ मार्च १९२६ ला, नात्यातल्या बाईंच्या शेतावर. राणीचा जन्म २१ एप्रिल १९२६ चा. म्हणजे रॉकेट राणीपेक्षा छत्तीस दिवसांनी मोठं! ते रॉकेट ४१ फूट चढलं आणि अडीच सेकंदांत कोबीच्या वाफ्यात पडलं. आमची राजभेटही साधारण तेवढीच टिकली. राणी समोरून गेली, कुणाकडे तरी पाहून हसली. माझ्याकडे, असं मी नौपाड्यात फोन करून आईला सांगितलं.

"डोकं विंचरलं होतंस ना?" आईचा पहिला प्रश्न.

त्या डिसेंबरात ठाण्याला आलो तेव्हा सरांना भेटायला गेलो. फोटो दाखवला. त्यात राणी थोडी आणि पुढच्या माणसाची मान जास्त. सरांनी चष्मा पुसून पाहिला आणि परत दिला.

"ते राहू दे. आपल्या छत्रीचं पुढे काय झालं?"

"१९७९ ला बंद केली, सर. आमच्या एसएससीच्या वर्षी."

सरांनी दाराकडे बोट केलं. खुंटीला काळी छत्री होती, कापड नवं, दांडा तोच.

"मग आपली जास्त टिकली की रे!"