साडेतीन चरणांची मोजणी

गोव्यातल्या मराठीच्या कार्यक्रमांत खालची ओवी हमखास म्हटली जाते. तिची बांधणी मात्र क्वचितच कोणी उलगडतं. इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तली, म्हणजे ख्रिस्तकथा ओव्यांत सांगणाऱ्या ग्रंथातली ही ओवी. ग्रंथ 1616 साली गोव्याच्या सासष्टीत रायतूरला छापला गेला, तोही रोमन लिपीत.

जैसी हरळांमाजि रत्नकिळा ।
कीं रत्नांमाजि हिरा निळा ।
तैसी भासांमाजि चोखळा ।
भासा मराठी ॥

आधी अक्षरं मोजू. जोडाक्षर एकच धरायचं: ‘रत्न’ची अक्षरं दोन, तीन नव्हेत. चरणांत अनुक्रमे 11, 9, 9 आणि 5 अक्षरं भरतात. अभंगाचा 6-6-6-4 साचा डोक्यात ठेवून बसलात तर इथे फसाल. ग्रंथाच्या ओवीत अक्षरसंख्या सैल असते. पक्क्या गोष्टी दोनच: पहिल्या तीन चरणांना यमक, आणि चौथा चरण आखूड, यमकाविना; म्हणूनच ओवीला साडेतीन चरणांची म्हणतात. गण (लघु-गुरूंचे तीन-तीन अक्षरी गट) पाडायच्या भानगडीत तर पडूच नये.

मात्रा (ऱ्हस्वाची एक; दीर्घाची आणि जोडाक्षराआधीच्या अक्षराच्या दोन) येतात 17, 15, 16, 9. पण ‘माजि’ऐवजी ‘माजी’ छापलेला पाठ घेतला की पहिल्या तिन्ही चरणांत एकेक मात्रा वाढते. म्हणून मात्रांवर फार भिस्त ठेवू नये. म्हणताना स्वर लांबवून चरण सारखे करता येतात.

खरी गंमत नादात आहे. किळा (तेज), निळा ही दोन अक्षरी घट्ट जोडी. चोखळा (शुद्ध) फक्त ‘ळा’पुरता जुळतो. यमकासाठीच ‘निळा हिरा’ उलटून ‘हिरा निळा’ झाला. ‘हरळां’तला ळ (हरळ म्हणजे खडा) यमकाची चाहूल आधीच देतो. पहिल्या चरणाच्या शेवटच्या शब्दातलं ‘रत्न’ दुसऱ्याच्या सुरुवातीला परत येतं, म्हणजे साखळीच. तीनदा आलेला ‘माजि’ झोका देतो.

चौथ्या चरणात ना ळ, ना माजि. ‘भासां’वरचा अनुस्वार गळतो आणि अनेक भाषांमधून एकच ‘भासा’ उरते. इथे कोणी सुधारून ‘भाषा’ म्हणू नये. ष मूर्धन्य (जीभ टाळूकडे वळवून उच्चारायचा), ठही मूर्धन्य. ‘भासा’तला दंत्य स राहिला तरच चरणातला ‘ठ’ ठसतो, आणि तो नेमका भाषेच्या नावात आहे.

पुढची ओवी, ‘जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी’, याच साच्यातली. तिची अक्षरं: 11, 10, 9, 4.